व्यसनमुक्तीच्या वाटेवरील सोबती
(व्याख्यानाचा सारांश)



दारू सोडलेल्या माणसाला खरे भय असते ते तिन्हीसांजेचे. कुणाचा शब्द लागतो, मन खिन्न होते आणि पावले जुन्या गुत्त्याकडे वळू लागतात. ही ओढ लाटेसारखी येते आणि माणूस जागचा ढळला नाही, तर ओसरतेही. परंतु ती ओसरेपर्यंत सोबत हवी. रात्री-अपरात्री ती कोठून आणावी?

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाने यासाठी मोबाईल फोनचा उपयोग करून पाहिला. निवासी उपचार घेऊन घरी परतणाऱ्या ३४९ रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला असा फोन देण्यात आला. रुग्णाने नोंदविलेल्या धोक्याच्या ठिकाणाजवळ तो गेला, की फोन त्याला सावध करी. मन डळमळू लागताच कळ दाबून मदत मागता येई. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या रुग्णांचे जोखमीच्या मद्यपानाचे दिवस महिन्याकाठी सरासरी १.३९ भरले, इतरांचे २.७५.

आपल्याकडे साधा फोनही उपयोगी पडतो. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आधारासाठी १४४१६ हे निःशुल्क क्रमांक आहेत. मात्र पिणाऱ्या सोबत्यांची हाकही त्याच फोनवरून येते. म्हणून त्यांचे क्रमांक आधी काढून टाकावेत. शिवाय, फार पिणाऱ्याने एकाएकी दारू सोडल्यास झटके येण्याचा संभव असतो. तेथे डॉक्टरांचाच सल्ला घ्यावा.

फोन हे केवळ साधन होय. पलीकडून “बोल, मी ऐकतो आहे” असे म्हणणारा माणूस आपल्यापैकीच कुणी असावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.