गाडीत तिघेच

मंडळी, २०२० चा जुलै आठवतोय? लोकल फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांना. २२ तारखेला एसटीतही घेईनात म्हणून आपल्या नालासोपाऱ्यातले नोकरदार थेट रुळांवर उतरले होते.

तेव्हा आमच्या ऑफिसने सांगितलं, गाडीवाल्याने सहकाऱ्यांना सोबत आणा, पेट्रोल आणि दहिसरचा टोल आम्ही देऊ. नियम चालक अधिक दोन. आपल्याच सोसायटीत आम्ही चौघे निघालो! भाऊ, तुम्ही राहिलात. महिन्याभरात तुमची नोकरी गेली. आळीपाळीने नेता आलं असतं, हे मला फार उशिरा सुचलं.

लोकल सुरू झाली, पेट्रोलचे पैसेही बंद झाले. मी अजून गाडीनेच जातो, एकटाच. तीन सीट रिकाम्या असतात. अंधेरीपर्यंत कुणाला यायचं असेल, तर सकाळी पावणेसातला गेटवर या. भाऊ, तुमच्या मुलालाही सांगा.