जोर कुठून येतो?
(पालक मेळाव्यातील भाषण)



पालक मेळाव्यात निकाल, अभ्यास आणि फी यांवर बोलण्याचा प्रघात आहे. मी मात्र आज सॉफ्टबॉलवर, आणि त्यातही फक्त बॅट फिरवण्यावर बोलणार आहे. कारण गेल्या वर्षी एवढ्याच गोष्टीपायी एक चांगली खेळाडू माझ्या हातून सुटता सुटता राहिली.

आठवीतली मुलगी, नाव सांगत नाही. सरावात तिचा फटका लागेना. कधी बॅट चेंडूच्या खालून जाई, तर कधी चेंडू निघून गेल्यावर फिरे. तिचे वडील रोज संध्याकाळी दोरीपलीकडे उभे राहून ओरडत, "जोरात मार!" मी अलीकडून ओरडत असे, "कोपर वर! नजर चेंडूवर! पाय टाक! कंबर फिरव!" दहा दिवस हे चालले. अकराव्या दिवशी वडीलच मला भेटायला आले. म्हणाले, "सर, पोरीच्या अंगात जोरच नाही. उगाच कशाला? घरी आईला हातभार लावील." ती मागे उभी होती. मी तिला विचारले, तेव्हा ती खाली पाहत म्हणाली, "सर, एवढ्यातलं मी कोणतं ऐकू?"

मला उत्तर देता आले नाही. महिलांच्या सामन्यात पिचर होम प्लेटपासून ४३ फुटांवरून चेंडू टाकते. चेंडूचा वेग ताशी ८० किलोमीटर असेल, तर हे अंतर सुमारे ०.६ सेकंदात संपते. आपल्या मुलींचा चेंडू याहून हळू येतो खरा, पण तरी सेकंदभराचाच मामला. तेवढ्यात चेंडू पाहायचा, मारायचा की सोडायचा ते ठरवायचे आणि बॅट फिरवायची. त्यात मास्तरांच्या चार सूचना आठवणार कधी?

मी वडिलांकडून तीन आठवडे मागून घेतले. पहिल्या संध्याकाळी तोंड बंद ठेवून बाजूला बसलो आणि फक्त तिचे पाय पाहिले. पिचरच्या दिशेने पडायचा तो डावा पाय दर वेळी प्लेटपासून लांब, तिसऱ्या बेसकडे पडत होता. पूर्वी एकदा चेंडू दंडावर बसला होता, त्याची ही भीती. पाय असा बाहेर गेला की कंबर वेळेआधी उघडते, हात मागे ओढले जातात आणि बाहेरच्या चेंडूपर्यंत बॅट पोचतच नाही. दहा दिवस मी दुरुस्त करीत होतो ते कोपर! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मग तिच्या टाचांच्या मागे, पिचरकडे जाणारी एक सुती दोरी जमिनीवर टाकली. पाय दोरीवर पडला की तिचे तिलाच कळे. चेंडू जुन्या मोज्यांत चिंध्या भरून केलेले, म्हणजे अंगाला लागले तरी हसू यावे. (कुणाला कमीपणा वाटू नये. १८८७ साली शिकागोत हा खेळ सुरू झाला, तोही बॉक्सिंगचा हातमोजा दोरीने बांधून केलेल्या चेंडूवर.) आठवडाभर फक्त पाय; कोपराचे नावही काढले नाही. आठवड्याच्या शेवटी कोपर आपोआप जागेवर आले होते.

दुसरी गोष्ट बॅटची. आमच्या पेटीतली बॅट ३४ इंची, म्हणजे नियमात बसणारी सर्वांत लांब. आठवीच्या मुलीला ती जडच. हात खांद्याच्या रेषेत बाजूला ताठ करून एका मुठीत बॅट आडवी धरावी. वीस सेकंदांच्या आत टोक झुकू लागले, तर ती बॅट त्या मुलासाठी नाही. नवी घेणे परवडत नसेल तर मूठ दोन इंच वर धरावी. काम भागते.

आता जोराविषयी. आपली मुले गल्लीत क्रिकेट खेळून आलेली असतात. त्याने नजर तयार होते, हे चांगलेच. पण तिथे चेंडू टप्पा घेऊन येतो आणि बॅट सरळ खाली आणायला शिकवतात. इथे टप्पाच नाही, बॅट आडवी फिरते. चिंचेवर दगड भिरकावताना मूल काय करते ते आठवा. आधी मागचा पाय पिळतो, मग कंबर, मग खांदा, आणि हात सर्वांत शेवटी येतो. बॅटचेही तसेच आहे. "जोरात मार" म्हटले की मूल मुठी आवळते, दंड ताठ करते, आणि बॅट लांबून वळसा घेऊन उशिरा पोचते. हा वळसा मोडायला जाळीसमोर उभे करावे. बॅटची मूठ पोटाला आणि टोक जाळीला टेकेल एवढ्या अंतरावर उभे राहून, जाळीला न लागता, हळूहळू बॅट फिरवायची. बॅट तळव्यात घट्ट न धरता बोटांत धरावी. दारावर टकटक करतो ती दोन्ही हातांची पेरे साधारण एका रेषेत यावीत. ओढणीची टोके मात्र आत खोचलेली असावीत, नाहीतर खांद्याशी अडतात. हेल्मेट रुमालावर व्यवस्थित बसते.

पुढे आंतरशालेय सामन्यात ती दोनदा बाद झाली. तिसऱ्यांदा चेंडू पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधून जमिनीलगत गेला आणि ती पहिल्या बेसवर पोचली. फार मोठा फटका नव्हता. वडील दोरीपलीकडे होते. ओरडले नाहीत, टोपी काढून पुन्हा घालत राहिले. आता शनिवारी ते स्वतः मैदानावर येतात आणि उकिडवे बसून बाजूने चेंडू उडवून देतात. पोरीला विचारतात, "आज काय, पाय का कंबर?"

शनिवारी साडेचारला सराव असतो. येताना घरातले फाटके मोजे घेऊन यावेत. चिंध्या आमच्याकडे पुष्कळ आहेत.