राज्य कोणावर?

संध्याकाळीं अंगणांत किंवा चाळीच्या चौकांत मुलें जमतात आणि लपंडाव सुरू करण्यापूर्वीं चकून घेतात. शेवटीं जो उरतो त्याच्यावर राज्य येतें. मराठी मुलांच्या खेळांतील हा शब्दप्रयोग मोठा अर्थपूर्ण आहे. येथें राज्य म्हणजे अधिकार नव्हे; राज्य म्हणजे ओझें, आणि तें पाळीपाळीनें ज्याच्या-त्याच्या खांद्यावर येतें. एखादें धाकटें भावंड मागें लागलें, तर त्याला लिंबूटिंबू म्हणून खेळांत घेतात. तें सांपडलें तरी त्याच्यावर राज्य येत नाहीं. न्याय कसा करावा आणि दुर्बळाला कसें सांभाळावें, हे दोन्ही धडे येथें पुस्तकावांचून मिळतात.

तींच मुलें शाळेंत जातात तेव्हां पुष्कळ ठिकाणीं निराळें दृश्य दिसतें. गुरुजी वर्गाबाहेर जातांना एका हुशार मुलाच्या हातीं खडू देतात आणि बोलणाऱ्यांचीं नांवें फळ्यावर लिहावयास सांगतात. हा वर्गनायक मित्रांचीं नांवें गाळतो, ज्यांच्याशीं अबोला त्यांचीं ठळक लिहितो, आणि मधल्या सुट्टींत एकटा पडतो. दुसऱ्यावर पाळत ठेवण्याचा हक्क म्हणजे पुढारीपण, ही समजूत त्याच्या मनांत जशी रुजते तशीच उरलेल्या सर्व मुलांच्या मनांतही रुजते. दोष त्या मुलाचा नसतो. त्याला दिलेलें काम पुढाऱ्याचें नसून पहारेकऱ्याचें असतें.

या प्रश्नाचा प्रयोगानें विचार केला तो कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञानें. हिटलरच्या हातीं सत्ता गेल्यावर १९३३ सालीं जर्मनी सोडून अमेरिकेंत गेलेल्या या ज्यू पंडिताला हुकूमशाहीची ओळख केवळ ग्रंथांतून झालेली नव्हती. लिपिट आणि व्हाइट या सहकाऱ्यांसह आयोवा विद्यापीठांत त्यानें दहा वर्षांच्या मुलांचीं पांच-पांच जणांचीं मंडळें केलीं. मुखवटे बनविण्यासारखीं कामें त्यांना दिलीं आणि प्रत्येक मंडळावर एक प्रौढ नेता नेमला. एक नेता केवळ हुकूम सोडी. दुसरा मुलांशीं विचारविनिमय करून काम ठरवी. तिसरा सर्व कांहीं मुलांवर सोडून स्वस्थ बसे.

या प्रयोगांचा वृत्तांत १९३९ सालीं प्रसिद्ध झाला. हुकूम सोडणाऱ्याच्या देखत काम पुष्कळ होई. पण तो बाहेर गेला कीं हात थांबत. त्याच्या मंडळांतील मुलें एक तर मलूल होत, नाहीं तर आपसांत भांडून एखाद्या दुबळ्या सोबत्यावर राग काढीत. विचारविनिमयाच्या मंडळांत मात्र नेता नसतांनाही काम चालू राही. स्वस्थ बसणाऱ्या नेत्याच्या मंडळांत काम थोडें आणि हिणकस झालें. वीस मुलांपैकीं एकोणीस जणांना हुकूम सोडणाऱ्यापेक्षां विचार घेणारा नेता अधिक आवडला. प्रयोग लहान होता आणि त्यांत मुली नव्हत्या, हें लक्षांत ठेवावें. तरी मुलांना मोकळें सोडणें म्हणजे त्यांना स्वातंत्र्य देणें नव्हे, एवढी गोष्ट त्यानें स्पष्ट केली.

प्राथमिक वर्गांत हें कसें साधावें? चाळीस मुलांतून एक नायक निवडण्याऐवजीं पांच-सहा जणांचे गट करावे. पिण्याचें पाणी भरणें, झाडांना पाणी घालणें, पुस्तकें वांटणें, फळा पुसणें अशीं कामें गटांना द्यावीं, आणि गटप्रमुखाची पाळी दर आठवड्यास बदलावी. शनिवारीं मुलांनीं वर्तुळांत बसून बोलावें : काय झालें, काय राहिलें, कोणाची मदत झाली? एखाद्या गटाच्या विसराळूपणानें रोपें सुकूं लागलीं, तर शिक्षकानें मुकाट्यानें पाणी घालूं नये. तो प्रश्न सभेपुढें येऊं द्यावा. शिक्षकाचें खरें कौशल्य येथें गप्प राहण्यांत आहे.

लाजाळू मुलाला एकदम सभेंत उभें करणें ही शिक्षाच होय. त्याला आधीं एकाच सोबत्याबरोबर काम द्यावें. 'मिळून मिसळून वाग' या उपदेशानें त्याच्या हातीं कांहींच लागत नाहीं. 'मला खेळांत घ्याल का?', 'माझी पाळी झाली, आतां तुझी', 'हें मला आवडलें नाहीं' हीं साधीं वाक्यें त्याच्या तोंडीं बसावीं लागतात. पाढ्यांप्रमाणें तींही सरावानेंच येतात.

घराचा वांटाही लहान नाहीं. पाहुण्यांनीं मुलाला नांव विचारावें आणि उत्तर आईनें द्यावें. दोघां भावंडांचें भांडण लागतांच वडिलांनीं निकाल देऊन मोकळें व्हावें. असें सुशिक्षित घरांतून सर्रास घडतें. त्यांत मुलाची बोलण्याची आणि तोड काढण्याची संधि हिरावली जाते. दुसरी चूक याहून जुनी आहे. पाण्याचा तांब्या मुलीनें आणावयाचा आणि पाहुण्यांपुढें कविता मुलानें म्हणावयाची, या वांटणींत दोघांचेंही नुकसान होतें. एकाला सेवा कळत नाहीं. दुसरीला स्वतःचा आवाज सांपडत नाहीं.

१९८८ सालच्या एकसष्टाव्या घटनादुरुस्तीनें मतदानाचें वय एकवीसवरून अठरा झालें. तिसरींत बसलेलें आठ वर्षांचें मूल दहा वर्षांनीं मतदानकेंद्रांत उभें राहणार आहे. फळ्यावर नांवें लिहिणारा पुढारी त्यानें पाहिला असेल, तर मोठेपणींही तें तसाच पुढारी शोधील, किंवा तसाच होईल. राज्य हें पाळीनें येणारें ओझें आहे, हें त्याला अंगणांत ठाऊक होतें; वर्गानें आणि घरानें तें त्याला विसरावयास लावूं नये.