सांगड आणि तिचा नांगर

कोल्हापूर हें कांहीं बंदर नव्हे. येथून समुद्र गांठावयाचा तर सह्याद्रीचा घाट उतरावा लागतो. तरीसुद्धां येथील राज्याचा आणि समुद्राचा संबंध एके काळीं निकटचा होता. १८१२ सालच्या तहानें मालवण इंग्रजांच्या स्वाधीन करावें लागलें, तोंवर सिंधुदुर्गावर करवीरकरांची सत्ता होती आणि त्यांचीं गलबतें तेथल्या खडकाळ बंदरांत नांगर टाकून उभीं राहत. समुद्र गेला; पण पाणी कांहीं गेलें नाहीं. रंकाळा आणि कळंबा हीं शहरालगतचीं तळीं आहेत, पंचगंगेचे डोह आहेत, राधानगरी, तुळशी, काळम्मावाडी यांचे विस्तीर्ण जलाशय आहेत. या पाण्यावर पोटासाठीं मासे धरणारे लोक आहेत, आणि जेथें परवानगी असेल तेथें सुटीच्या दिवशीं गळ घेऊन जाणारे हौशी गृहस्थही आहेत. अशा लहान होडीच्या नांगराविषयीं आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

एकाची दुसऱ्याशीं ‘सांगड घालणें’ हा शब्दप्रयोग आपण नेहमीं करतों. सांगड म्हणजे मुळांत दोन होड्या, अगर वाळलेले भोपळे, एकत्र बांधून केलेलें तरण्याचें साधन. आज भोपळ्याच्या जागीं हवाबंद पिंपें किंवा पत्र्याचे पोकळ नळे आले; त्यांवर बांबूचा वा लोखंडाचा सांगाडा आणि फळ्या बसविल्या कीं सांगड तयार होते. उथळ पाण्यांत ती सहज जाते, दोन माणसें तीवर पाय पसरून बसूं शकतात, आणि साध्या होडीप्रमाणें ती डुलत नाहीं. हा तिचा गुण, आणि याच गुणांत तिचा धोका लपलेला आहे. साधी होडी उलटण्यापूर्वीं कलून सूचना देते. सांगड बराच वेळ निमूट उभी राहते. परंतु एकदां तिचें पुढलें टोंक पाण्याखालीं गेलें, कीं वाहतें पाणी सपाट फळ्यांवर चढतें आणि तें टोंक अधिकच खालीं दाबतें. मग सांवरावयास अवधि मिळत नाहीं. बांधलेल्या सांगडीचें टोंक असें खालीं जातें तें बहुधा चुकीच्या रीतीनें लावलेल्या नांगरामुळें. म्हणून मी प्रारंभींच सांगून ठेवतों कीं, नांगर नसलेली सांगड वाहत जाईल. पण वाईट नांगरलेली सांगड बुडेल.

नांगर होडीला कसा धरतो? पुष्कळांची समजूत अशी कीं, तो आपल्या वजनानें धरतो. शेताचा नांगर आणि होडीचा नांगर यांना आपल्या भाषेंत एकच नांव आहे, आणि दोहोंचें कामही एकाच तत्त्वावर चालतें. शेतांतला नांगर आडवा ओढला तर फाळ मातींत शिरतो. बैलांची ओढ वरच्या बाजूस जाऊं लागली कीं फाळ उथळ चालतो आणि अखेर जमिनीबाहेर येतो. पाण्याच्या तळाशीं नेमकें हेंच घडतें. दोराची ओढ तळाशीं जवळजवळ समांतर असेल तर नांगराचे दांते चिखलांत रुततात, आणि ओढ जितकी वाढेल तितके अधिक रुततात. ओढ उभी झाली कीं तोच नांगर उपटला जातो. धरण्याची शक्ति वजनांत थोडी आणि ओढीच्या दिशेंत फार, हें लक्षांत ठेवावें.

केवळ दगडावर विसंबणें कां धोक्याचें, तेंही यावरून कळेल. पाण्यांत बुडालेल्या वस्तूचें वजन, ती जितकें पाणी बाजूस सारते तितक्या पाण्याच्या वजनानें घटतें. आपला काळा पाषाण पाण्यांत सुमारें एक तृतीयांश वजन गमावतो. लोखंड गमावतें तें केवळ एक अष्टमांश. म्हणजे कांठावर १५ किलो भरणारा दगड तळाशीं १० किलोचाच उरतो, आणि तोही चिखलावरून घसरत जातो. कारण रुतावयास त्याला दांत नाहींत. शांत तळ्यांत, वारा नसतां, घटकाभर उभें राहावयास दगड चालेल. वाहत्या पाण्यांत दांतांचा लोखंडी नांगरच हवा.

वाहत्या पाण्याचा जोर आपल्याला वरून दिसत नाहीं. पाणी हवेच्या सुमारें ८०० पट जड आहे, आणि दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट झाला कीं दाब चौपट. हिशेब केला तर ताशीं ३ किलोमीटर, म्हणजे सावकाश चालणाऱ्या माणसाच्या गतीनें वाहणारें पाणी एखाद्या फळीवर जो दाब देतें, तो देण्यास ताशीं ८० किलोमीटरांहून अधिक वेगाचें वादळ लागेल. नदी संथ दिसते. संथ असतेच असें नाहीं.

आतां दोराची लांबी. सांगडीच्या पुढल्या टोंकापासून तळापर्यंतची खोली मोजावी आणि तिच्या सातपट दोर सोडावा. पाणी ८ फूट खोल आणि टोंक पाण्यावर १ फूट असेल, तर खोली ९ फूट धरून ६३ फूट दोर लागेल. सातपट दोर ताठ झाला तरी तळाशीं त्याचा कोन सुमारें ८ अंशांचा होतो. तिपटीला तो १९ अंशांच्या वर जातो आणि दुपटीला ३० अंशांवर. नांगर आणि दोर यांच्यामध्यें सांगडीच्या लांबीइतकी लोखंडी सांखळी असावी. सांखळीचें वजन ओढीला खालीं दाबून ठेवतें, आणि तळाच्या दगडांवर घासून दोर झिजत नाहीं. सांखळीच्या कडीचा खिळा हळूहळू फिरून निसटतो. म्हणून तो तारेनें बांधून टाकावा. दोर नायलॉनचा उत्तम. तो ताणला जाऊन हिसका पोटांत घेतो आणि पाण्यांत बुडतो. पॉलिप्रॉपिलीनचा स्वस्त दोर पाण्यावर तरंगतो आणि इंजिनाच्या पंख्यांत अडकतो.

दोर सांगडीला कोठें बांधावा, हा यापुढील प्रश्न. एकाच पिंपाच्या कानाला बांधला तर सांगड तिरपी होऊन प्रवाहाला कूस देते. त्यासाठीं घोड्याच्या लगामाप्रमाणें व्यवस्था करावी. दोन्ही पिंपांच्या पुढल्या टोंकांजवळ, सांगाड्याच्या भक्कम भागाला, सारख्या लांबीचे दोन दोर बांधून ते पुढें एका कड्यांत आणावे आणि त्या कड्याला नांगराचा दोर जोडावा. मग ओढ दोहों बाजूंस समान वांटली जाते आणि सांगड प्रवाहाकडे तोंड करून राहते. मागील बाजूनें मात्र वाहत्या पाण्यांत कधींही नांगरूं नये. मागें माणूस बसतो, सामान असतें, इंजिन असतें. ती बाजू आधींच खोल असते, आणि नांगराची खालची ओढ तींत भर घालते. गळ टाकतांना सांगड फिरूं नये म्हणून कांहीं जण पुढें आणि मागें असे दोन नांगर टाकतात. स्थिर तळ्यांत तें ठीक आहे. नदींत तें प्राणघातक आहे.

एवढी सिद्धता करूनही एक गोष्ट उरते, आणि ती आपल्या भागांत विशेष महत्त्वाची आहे. ती म्हणजे पाण्याचें चढणें. शाहू महाराजांच्या कारकीर्दींत ज्याचा आरंभ झाला त्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. जलाशय भरला कीं ते आपोआप उघडतात, आणि एकेका दरवाजांतून सेकंदाला १४२८ घनफूट पाणी भोगावतींत उतरतें. तेंच पुढें पंचगंगेंत येतें. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट ही इशाऱ्याची आणि ४३ फूट ही धोक्याची पातळी मानतात. २०१९ आणि २०२१ या दोन्ही सालीं पाणी तेथें ५५ फुटांच्या वर गेलें होतें. आषाढ-श्रावणांत एका रात्रींत कांहीं फूट पाणी चढणें ही येथें नवलाची गोष्ट नाहीं. संध्याकाळीं ८ फूट पाण्यांत १२ फूट दोरावर सांगड बांधून घरीं आलेल्या माणसाचें सकाळीं काय होतें? पाणी चढलें, दोर ताठ उभा झाला, आणि नांगर सुटला तर सांगड गेली. दगडांत अडकून सुटला नाहीं तर तिचें नाक पाण्याखालीं ओढलें गेलें. सांगडींत माणूस झोंपलेला असेल तर पुढें बोलावयास नको. पावसाळ्यांत दोर चढत्या पाण्याच्या हिशेबानें सोडावा. आणि इशाऱ्याची बातमी आल्यावर नांगरावर न विसंबतां सांगड कांठावर ओढून घ्यावी हेंच खरें.

धरण्याइतकेंच सोडतां येणेंही महत्त्वाचें आहे. जलाशयाच्या पोटांत बुडालेल्या झाडांचे बुंधे आणि जुने बांध असतात. रंकाळा तर पूर्वीं दगडाची खाण होता असें सांगतात. नांगर अडकतोच. यास एक सोपी युक्ति आहे. सांखळी नांगराच्या दांत्यांकडील टोंकाला पक्की जोडावी, दांड्यालगत वर आणावी, आणि वरच्या कड्याला केवळ सुतळीनें बांधावी. नांगर अडकला तर त्याच्या बरोबर वर येऊन दोर उभा ओढावा. सुतळी तुटते आणि नांगर उलट्या बाजूनें निघून येतो. मात्र जोराच्या वाऱ्यांत सुतळी अवेळीं तुटूं शकते. म्हणून रात्रीं मुक्कामास ही युक्ति वापरूं नये.

आणि युक्ति चालली नाहीं तर? सांगडीवर धारदार सुरी हाताशीं बांधलेली असावी, आणि पुढलें टोंक बुडूं लागतांच दोर कापावा. येथेंच माणूस चुकतो. नांगराला पैसे पडलेले असतात, दोर नवा असतो, आणि हात कचरतो. या कचरण्यावर उपाय आधींच करून ठेवतां येतो. दोराला, सुरी चालवावयाच्या जागेच्या थोडें पुढें, एक रिकामा, झांकण घट्ट लावलेला प्लास्टिकचा डबा बांधून ठेवावा. दोर कापला तरी डबा तरंगत राहतो आणि पाणी ओसरल्यावर नांगर सांपडतो. आपला नांगर परत मिळणार आहे हें ठाऊक असलेल्या माणसाचा हात वेळेवर चालतो.

शेवटीं नित्याच्या संवयी सांगतों. नांगर भिरकावूं नये, हातानें हळूहळू उतरवावा. दोर टोपलींत वेटोळून ठेवावा, पायाशीं पसरूं नये. आणि तो हाताला किंवा कमरेला कधींही गुंडाळूं नये. नांगर धरला कीं नाहीं हें पाहावयास कांठावरील दोन वस्तू एका रेषेंत धराव्या. रंकाळ्यावर असाल तर संध्यामठाचा कोपरा आणि त्यामागचें एखादें झाड. रेषा मोडली कीं नांगर सरकतो आहे असें समजावें. दोरावर हात ठेवला तर सरकणारा नांगर थरथरीनें कळतो. तरंगण्याचें जाकीट अंगावर असावें, फळीखालीं नव्हे. आणि बंधाऱ्याच्या वरच्या अंगास किंवा लगत खालीं कधींही नांगरूं नये. वर नांगर सुटला तर सांगड बंधाऱ्यावरून जाते. खालीं पडणारें पाणी उलट फिरून तरणाऱ्याला पुनःपुन्हा भिंतीकडे खेंचतें, आणि तेथें पट्टीचा पोहणाराही हतबल होतो.

ज्यांच्या घरचें कोणी रविवारीं सांगड घेऊन पाण्यावर जात असेल त्यांनीं निघतेवेळीं एवढेंच विचारावें: दोर किती फूट घेतला, आणि सुरी कोठें आहे? या दोन प्रश्नांचीं उत्तरें तत्काळ मिळालीं तर निर्धास्त जाऊं द्यावें. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.