दवाखान्याचं बिल कुणाच्या खात्यावर?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कामावर अपघात झाला की आपण लगेच नुकसानभरपाईचं बोलायला लागतो. बोट गेलं, हात गेला, किती मिळतील? पण त्या वेळी तिच्या घरात वेगळाच प्रश्न असतो. दवाखान्याचं बिल कोण भरणार? आणि मालकानं भरलंच, तर पुढे आपलं तोंड बंद होणार का? माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच केसेस इथेच मोडतात. कोर्टात नाही, दवाखान्याच्या काउंटरवर. म्हणून आज एवढ्यावरच बोलते.

आधी कायदा. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात उपचाराचा खर्च मागण्याचा स्वतंत्र हक्क बरीच वर्षं नव्हता. २००९ च्या दुरुस्तीनं कलम ४ मध्ये पोटकलम २-अ आलं. कामाच्या ओघात झालेल्या दुखापतीवर जो प्रत्यक्ष खर्च झाला, तो मालकानं भरून द्यायचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० नं घेतली. ही तरतूद तिच्यातही आहे. अपघात त्या तारखेआधीचा असेल, तर जुन्या कायद्याखालचा हक्क बुडत नाही. ज्यांचा ईएसआय कापला जातो त्यांचा रस्ता वेगळा, त्यांना उपचार आणि लाभ त्या महामंडळाकडून मिळतात. मी बोलतेय ते त्या छत्रीबाहेरच्या बायांबद्दल. बांधकामावरच्या, ठेक्यावरच्या, पाच-सहा माणसांच्या गाळ्यातल्या.

अशाच एका गाळ्यातली बाई. वय पस्तीस, पगार महिना दहा हजार. पॉवर प्रेसवर उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेली. ठेकेदारानं खाजगी दवाखान्यात नेलं, अनामत भरली, बिल झालं बासष्ट हजार. सुटी होताना डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं, घरी दारात बोट सापडलं. पंधरा दिवसांनी तो कागद घेऊन घरी आला. म्हणाला, तुझ्यावर बासष्ट खर्च केलेत, हे वर वीस घे आणि सही कर, मिटलं. नवरा म्हणाला, घे, कोण देतंय एवढं.

आता हिशेब करू. जुन्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात तर्जनी पूर्ण गेली तर कमाईच्या क्षमतेतली घट १४ टक्के धरली आहे. पगाराचे ६० टक्के म्हणजे सहा हजार. पस्तीस वयाचा गुणक १९७.०६. गुणाकार ११ लाख ८२ हजार ३६०, त्याचे १४ टक्के म्हणजे सुमारे १ लाख ६५ हजार ५००. ही झाली भरपाई. बिलाचे बासष्ट हजार यात नाहीतच. मालकानं उपचारासाठी दिलेला पैसा भरपाईतून वळता करायचा नाही, असं कलम ४ च्या स्पष्टीकरणात लिहिलं होतं. उपचार हा उपकार नाही आणि उचलही नाही. ठेकेदाराच्या बोलण्यात मात्र दोन्ही होतं.

त्या सहीच्या कागदाचं काय? हक्क सोडून देणारा करार जुन्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे रद्दबातलच होता. शिवाय कलम ८ मध्ये एक गंमत होती. बाईला एकरकमी भरपाई थेट द्यायची नाही, आयुक्तांकडे जमा करायची. थेट दिली तर ती भरपाई धरायचीच नाही. बाईला 'कायद्यानं अक्षम' माणसाच्या पंगतीत बसवणारी ही इंग्रजी अमदानीतली भाषा वाचून माझं डोकं फिरतं. पण घरी येऊन नोटा मोजणाऱ्या ठेकेदारापुढे तेच कलम आम्ही ठेवलं, आणि उपयोगी पडलं.

खरी अडचण डिस्चार्ज कार्डावरच्या त्या एका ओळीची होती. आम्ही तिच्या सहीनं दवाखान्याला अर्ज दिला. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात, आणि ती तीन वर्षं जपावी लागतात. काउंटरवरचा माणूस टोलवत होता, नियम दाखवल्यावर झेरॉक्स मिळाली. त्यात दाखल होतानाची नोंद होती, रात्रपाळीच्या कुणीतरी लिहिलेली: 'कामावर मशीनमध्ये हात'. त्या एका नोंदीनं पारडं फिरलं. ठेकेदारानं बासष्ट हजारांचं नाव सोडलं, आणि पुढच्या ड्रेसिंगचे पैसेही दिले.

तेव्हा आपल्यापैकी जी कुणी अपघातानंतर पहिली पोचेल, तिनं आधी केसपेपर बघावा. अपघात कुठं, कशावर, किती वाजता हे बाईच्या तोंडून लिहून घ्यावं, आणि पोलिसांकडे जाणारी नोंद, ज्याला एमएलसी म्हणतात, ती झाली का ते विचारावं. बाई शुद्धीवर असताना तिच्याऐवजी मुकादम बोलत असेल, तर त्याला बाहेर पाठवायचं. हे मी सौम्य शब्दांत सांगतेय.

बिलाचंही तसंच. एका ओळीचा आकडा घ्यायचा नाही, बाबवार बिल मागायचं: खोलीभाडं, ऑपरेशन, भूल, औषधं वेगळी. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. बिल फुगवलंय असं मालक म्हणतो, तेव्हा हे दरपत्रक कामाला येतं. मेडिकल दुकानातून आणलेल्या औषधाला चिठ्ठी आणि पावती दोन्ही हवीत, पावतीवर तिचं नाव हवं. कोऱ्या कागदावरचा आकडा सुनावणीत टिकत नाही.

मालकाचं ठरलेलं वाक्य असतं, सरकारी दवाखान्यात का नाही गेली? कायद्यातला शब्द 'प्रत्यक्ष झालेला खर्च' असा आहे, 'सरकारी दरानं' असा नाही. आपण तिथंच उभं राहायचं. बहुतेक वेळा खाजगीत नेणारा मालकाचाच माणूस असतो, हेही लिहून ठेवावं. काही ठेकेदार आता तिचं रेशन कार्ड मागतात आणि सरकारी योजनेत उपचार करून घेतात. बिलच उरत नाही, आणि अपघातही उरत नाही. योजनेतून उपचार घ्यायला हरकत नाही, पण बोटाची भरपाई त्यानं फिटत नाही.

राहिली रिक्षा, सोबतीला राहिलेल्या बहिणीचा बुडालेला रोज, सावकाराचं व्याज. हा वैद्यकीय खर्च नाही असं समोरचे वकील म्हणणारच. तरी आम्ही त्याची यादी वहीत ठेवतो, कारण तडजोडीच्या बोलण्यात ती उपयोगी पडते. आणि दाव्याला दोन वर्षांची मुदत असते. जखम भरली, फिजिओथेरपी संपली, मग बघू, असं म्हणता म्हणता दीड वर्ष कधी जातं कळत नाही. अर्ज आधी टाका, पुढची बिलं मागाहून जोडता येतात.