विमानतळावरची झडती आणि आईचा अडकित्ता

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरीसाहेब मला म्हणाले, काका, कट्ट्यावर पंधरा-वीस मिनिटं बोला, विषय तुमच्या आवडीचा घ्या. मी म्हटलं, आवडीचा सुचत नाही, रागाचा चालेल का? ते हसले आणि हो म्हणाले. तेव्हा आज मी विमानतळावरच्या सिक्युरिटी चेकबद्दल बोलणार आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे ताबा घेतला, तेव्हा आपल्यापैकी किती जण विमानात बसले होते? माझ्या विंगमध्ये तर मोजून दोघे. आता मुलं कुणाची बंगळूरला, कुणाची सिंगापूरला, कुणाची न्यू जर्सीला. एस.टी.च्या स्टँडवर जायचो तसे आपण विमानतळावर जातो. फरक एवढाच, की एस.टी.च्या स्टँडवर कुणी पट्टा काढायला सांगत नाही.

गेल्या वर्षी मी इंदूरला आक्काकडे निघालो होतो. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, वय वर्षं चौऱ्याऐंशी. लग्न होऊन इंदूरला गेली ती तिथलीच झाली. आमचं गावचं घर विकलं तेव्हा तिने फक्त एक वस्तू मागितली होती, आईचा अडकित्ता. पितळी मुठींचा, डोक्याशी राघूची चोच असलेला. दुपारची जेवणं झाली की आई ओसरीवर बसून त्याने सुपारी कातरायची, तो आवाज आम्हा भावंडांच्या कानात अजून आहे. तो अडकित्ता माझ्या कपाटात तीन वर्षं पडून होता, कारण माझंच जाणं होत नव्हतं.

आता मी बँकेतला माणूस. मौल्यवान वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची नाही, ही जन्माची सवय. मोठी बॅग काउंटरवर दिली आणि अडकित्ता रुमालात गुंडाळून हातातल्या पिशवीत ठेवला. म्हटलं, सामान हरवलं तर हरवो, हा माझ्याजवळ राहील.

पिशवी मशिनमधून गेली आणि बाजूला काढली गेली. एक तरुण मुलगा होता ड्यूटीवर, माझ्या नातवापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल. रुमाल उलगडून म्हणाला, "अंकल, ये नहीं जाएगा."

"अरे बाबा, ये सुपारी काटने का है."

"धारवाला है, अंकल. चेक-इन में डालना था."

मी म्हटलं, बॅग तर गेली आत. तो म्हणाला, मग बाहेर जा, एअरलाइनच्या माणसाला शोधा, नाहीतर सोडायला आलेल्या कुणाकडे द्या. सोडायला आलेला मुलगा केव्हाच ऑफिसला गेला होता. विमान सुटायला पस्तीस मिनिटं, आणि बरोबर सौ., तिचे दोन्ही गुडघे बदललेले. ती मशिनखालून गेली की ते किंचाळतं, मग तिला पडद्याआड नेतात, हातातलं यंत्र फिरवतात. ऑपरेशनचं सर्टिफिकेट दाखवलं तरी तपासणी होतेच. त्या दिवशी ती पडद्याआड आणि मी इकडे अडकित्ता घेऊन उभा. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "जल्दी करो ना."

टेबलाशेजारी एक पारदर्शक पेटी होती. आत नेलकटर, कात्र्या, लायटर, एक पकड, एक स्क्रू-ड्रायव्हर. त्या मुलाने हात केला तसा मी आईचा अडकित्ता त्यात टाकला. आवाज झाला नाही फारसा, लायटरवर पडला. सौ. बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, चला." तिला विमानात बसल्यावर सांगितलं.

घरी परत आल्यावर रागारागाने मी सगळं वाचून काढलं. दुसरं काय करणार! बँकेत आम्ही म्हणायचो, प्रत्येक सर्क्युलरच्या मागे एक फ्रॉड असतो. इथेही तसंच आहे, फक्त इथे माणसं गेलेली आहेत.

आपलं कनिष्क विमान आठवतंय ना? 23 जून 1985, आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रावर फुटलं, 329 माणसं गेली. ज्या बॅगेत बॉम्ब होता ती बॅग ज्याच्या नावावर चढवली होती, तो माणूस विमानात बसलाच नव्हता. बॅग आहे आणि माणूस नाही, म्हणजे एक बाजू नसलेली एन्ट्री. आज आपण चढलो नाही तर आपली बॅग शोधून उतरवतात आणि विमानाला उशीर होतो, त्याच्या मुळाशी असा हिशेब आहे. तेव्हापासून मी त्या उशिराबद्दल कुरकुर करणं सोडलं.

डिसेंबर 2001 मध्ये पॅरिसहून मायामीला निघालेल्या विमानात एका माणसाने बुटात लपवलेलं स्फोटक पेटवायचा प्रयत्न केला. प्रवाशांनीच त्याला धरला. त्या एका माणसापायी अमेरिकेत 2006 पासून सगळ्यांना बूट काढायला लागले, आणि ते बंद झालं 2025 च्या जुलैत. मधल्या काळात मोज्याला भोक पडलेल्या किती सज्जनांची अब्रू गेली असेल!

आणि ते शंभर मिलीचं प्रकरण. ऑगस्ट 2006 मध्ये लंडनला एक कट उघडकीला आला, सरबताच्या बाटल्यांमधून द्रवरूप स्फोटकं अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांत न्यायची. तेव्हापासून परदेशी जाताना हातातल्या सामानात द्रव पदार्थ शंभर मिलीच्याच बाटलीत. लक्षात ठेवा, ते बाटली मोजतात, आतला माल नाही. दीडशेची टूथपेस्ट अर्धी संपली असली तरी ती दीडशेचीच. आणि द्रव म्हणजे काय, हे आपलं शाळेतलं विज्ञान तिथे चालत नाही. तूप द्रव, मध द्रव, श्रीखंडसुद्धा त्यातच धरतात. न्यू जर्सीला जाताना नातीसाठी नेलेला मुरंबा माझ्या हिशेबी खाऊ होता, त्यांच्या हिशेबी जेल. तिथेही एक पेटी होती.

बायकांना एक सांगून ठेवतो. लेक परत निघाली की आपण ओटी भरतो आणि त्यात कधी खोबऱ्याची वाटी असते. सुकं खोबरं विमानात हातातही चालत नाही आणि मोठ्या बॅगेतही नाही. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं म्हणून. पॉवर बँकचं उलट, ती हातातच ठेवायची, मोठ्या बॅगेत नाही. कारण बॅटरी पेटलीच तर केबिनमध्ये कुणाच्या तरी लक्षात येईल, खालच्या सामानात येणार नाही. आणि नियम वाकत नाहीत असंही नाही. शबरीमलैच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला नारळ हातात न्यायला 2024 साली हंगामापुरती परवानगी दिली, तपासणी करूनच.

म्हणजे अडकित्ता अडवला ते चूक नव्हतं. सप्टेंबर 2001 मध्ये अमेरिकेत काय झालं आणि ते छोट्या पात्यांच्या जोरावर झालं, हे मला माहीत आहे. मग माझा राग कशाबद्दल आहे, याचा मी बरेच दिवस विचार केला.

रिझर्व्ह बँकेचा एक नियम आहे. काउंटरवर बनावट नोट आली तर ती ग्राहकाला परत द्यायची नाही, शिक्का मारून जप्त करायची. पण त्याला पोचपावती द्यायची. त्याने त्यावर सही करायला नकार दिला, तरी पावती द्यायचीच. म्हणजे ज्या नोटेची किंमत शून्य, तिचीसुद्धा पावती. माझ्या आईच्या अडकित्त्याची मात्र चिठोरीसुद्धा नाही. पैसे घेऊन पाकिटात घाला, पत्ता लिहून घ्या आणि घरी पाठवा, एवढी एक खिडकी तिथे असती तर मी दुप्पट पैसे दिले असते.

हे मी सौ.ला तावातावाने सांगत होतो आणि मधेच थांबलो. कारण एक भाजीवाली आठवली. मी कॅशमध्ये होतो तेव्हाची गोष्ट. तिने भरलेल्या पैशांत पाचशेची एक नोट बनावट निघाली. ती म्हणाली, "साहेब, मला काय ठावं, कुनी दिली ती?" मी शिक्का मारला, पावती पुढे सरकवली आणि म्हटलं, "मावशी, नियम आहे." पुढचा टोकन नंबर पुकारला. नियम पाळला, पावती दिली, सगळं बरोबर केलं. तिचा चेहरा मला आज आठवत नाही, कारण मी वर बघितलंच नव्हतं. त्या मुलाने निदान मला दोनदा अंकल म्हटलं.

आता एक गोष्ट घरची. आपल्या गेल्या सर्वसाधारण सभेत ठराव झाला, की कामाला येणाऱ्या बायकांच्या पिशव्या गेटवर जाताना तपासायच्या. मीही हात वर केला होता. विमानतळावर निदान माझ्यापुढे कोट घातलेला एक साहेबही पट्टा काढून उभा होता. आपल्या गेटवर माझी पिशवी कुणी उघडत नाही, फक्त आमच्याकडच्या मावशींची उघडतात, आणि त्या वीस वर्षं आमच्याकडे आहेत. परवा त्यांच्या पिशवीत सौ.ने दिलेली जुनी साडी निघाली, तर वॉचमनने इंटरकॉम करून खात्री करून घेतली. मावशी तोवर गेटवर उभ्या. मला तो पडदा आठवला. पुढच्या सभेत हा ठराव फेरविचारासाठी मी मांडणार आहे, अनुमोदक हवा आहे. जोशात कुणी आत्ताच हात वर करू नका, विचार करून करा.

तर इंदूर. आक्काने दार उघडल्या उघडल्या विचारलं, "आणलास का रे?" मी म्हटलं, "विसरलो, आक्का." नोकरीत एवढी वर्षं काढली, पण खोटी एन्ट्री कधी टाकली नव्हती. चार दिवस तिच्याकडे राहिलो, तिने परत विषय काढला नाही. त्यानंतर मात्र दर फोनला शेवटी विचारायची, "येशील तेव्हा तेवढा घेऊन ये हं."

या भाषणाची तयारी करताना वाटलं, तुम्हा सगळ्यांना सांगणार आणि तिला नाही, हे काही बरं नाही. परवा फोन करून सगळं सांगितलं. पेटीसकट. पलीकडे बराच वेळ काहीच आवाज नाही. मला वाटलं, फोन कट झाला.

मग म्हणाली, "अरे, पोस्टाने पाठवायचास की!" आणि थोड्या वेळाने, "राघूच्या डोळ्यात लाल खडा होता ना रे? का तो आधीच पडला होता?"

आधीच पडला होता. मी तिला म्हटलं, होता, आक्का.