लग्नाला गाव जेवले, पण नोंद कुठे आहे?

(मंडळाच्या मासिक सभेतील भाषणाचा मजकूर)



आम्ही बँकेतले कारकून. काउंटरमागून बोलायची सवय, व्यासपीठावरून नाही. तेव्हा बोलण्यात 'कागद आणा, सही करा' जास्त आले तर सांभाळून घ्या. परदेशी गेलेली आपली मुले आता आईवडिलांसाठी उज्जैनला परतू लागली आहेत. त्यांच्याबरोबर येणाऱ्या परदेशी सुना-जावयांनी येथे कायद्याने राहायचे कसे, हा आजचा विषय आहे.

आमच्या घरचेच सांगतो. चुलतभावाचा मुलगा सिंगापुरात नोकरीला होता. तेथे भेटलेल्या फिलिपाइन्सच्या मुलीशी त्याने २०१८ साली लग्न केले, तेही येथे फ्रीगंजात. मंगलाष्टके झाली, श्रीखंडाची पंगत उठली, जोडपे महाकाळाच्या दर्शनाला जाऊन आले. सगळे रीतसर झाले, फक्त विवाह नोंदणी राहिली. दोघांना सिंगापुरात आपापल्या नोकरीवरच राहण्याचा परवाना होता, म्हणून पाच वर्षे कोणी प्रमाणपत्र मागितले नाही.

२०२३ साली भाऊ अंथरुणाला खिळले. मुलगा राजीनामा देऊन निघाला. त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट, त्याला कोण अडवणार? सून ३० दिवसांच्या ई-टुरिस्ट व्हिसावर आली. पुढचे येथे आल्यावर बघू, असा सल्ला तिला देणारे आम्हीच होतो, हे येथे कबूल करतो.

नोंदणीला गेल्यावर खरा प्रकार कळला. मुलगा हिंदू, मुलगी ख्रिस्ती. १९५५ चा हिंदू विवाह कायदा दोघेही हिंदू असतील तरच लागतो. म्हणजे १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली, कलम १५ प्रमाणे नोंद करायची. त्यासाठी अर्जापूर्वी दोघांनीही या जिल्ह्यात ३० दिवस राहिलेले असावे लागते. अर्जानंतर हरकतींसाठी आणखी ३० दिवसांची नोटीस लागते. तीस आणि तीस साठ, आणि हातात व्हिसा तीस दिवसांचा! दिवसभर व्याजाचे हिशेब करणाऱ्या माणसाला ही बेरीज आधी सुचायला हवी होती.

नोंद नाही म्हणून पत्नी असल्याचा पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणून पत्नीचा व्हिसा नाही. मुदत संपायच्या आत सून मनिलाला परत गेली. भाऊ गेले तेव्हा ती तिकडेच होती. सासऱ्यांचा चेहरा तिने फोनवर पाहिला. पुढे सलग ९० दिवस राहता येईल असा पर्यटक व्हिसा घेऊन ती आली, नोंदणी झाली आणि त्या प्रमाणपत्रावर तिला एंट्री व्हिसा, म्हणजे एक्स व्हिसा, मिळाला. दरम्यान वर्ष निघून गेले.

म्हणून सांगतो, लग्न परदेशात झाले असेल तर निघण्यापूर्वी तेथील सरकारी प्रमाणपत्र घ्या आणि त्यावर अपोस्टिलचा शिक्का घ्या. अपोस्टिलच्या करारात भारत २००५ पासून आहे. कॅनडा जानेवारी २०२४ मध्ये आला. एक जण भारतीय नागरिक असेल तर १९६९ च्या परदेशी विवाह कायद्याखाली आपल्या वकिलातीतही विवाह करता येतो. एक्स व्हिसाचा अर्ज तेथूनच करा. १८० दिवसांहून जास्त मुदतीचा व्हिसा असेल तर येथे पोहोचल्यावर १४ दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. ती आता ई-एफआरआरओवर ऑनलाइन होते. या व्हिसावर राहता येते, पण नोकरी करता येईल असे समजू नका.

नोकरी करण्याची मोकळीक ओसीआय कार्डाने मिळते. पण परदेशी पती किंवा पत्नीला ते विवाहाची नोंदणी होऊन, संसार सलग दोन वर्षे टिकल्यावरच मागता येते. आमच्या सुनेची २०१८ पासूनची वर्षे त्यात धरली गेली नाहीत. मुलाने स्वतःच तिकडचे नागरिकत्व घेतले असेल, तर त्याचे भारतीय नागरिकत्व गेलेले असते. त्याला आधी स्वतःचे ओसीआय कार्ड काढावे लागेल. जुने पीआयओ कार्ड २०१५ साली ओसीआयमध्येच विलीन झाले. आणि परतल्यावर एनआरई खाते तसेच चालू ठेवू नका, बँकेला ताबडतोब कळवा. हे आमच्या पोटापाण्याचे म्हणून मध्येच सांगून टाकले.

आपल्याच माणसाला आपल्या दारात थांबावे लागते, हे काही आजचे नाही. वर्ध्यात जन्मलेले क्रांतिकारक आणि कृषिशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग खानखोजे मेक्सिकोत प्राध्यापक झाले, बेल्जियन मुलीशी लग्न करून तेथे राहिले. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी परतायचे ठरवले, तेव्हा इंग्रजांच्या काळ्या यादीत नाव असल्यामुळे त्यांना आधी व्हिसा नाकारला गेला! स्वतंत्र भारताच्या सरकारने इंग्रजांची यादी चालवावी, यावर काय बोलावे? पुढे तो निर्णय फिरला, ते नागपूरला राहिले आणि १९६७ साली वारले.

कायदा बदलत नाही असे मात्र नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात विवाहाच्या आधारे नोंदणीने नागरिकत्व मिळण्याची तरतूद फक्त स्त्रियांसाठी होती. म्हणजे सुनेला वाट होती, परदेशी जावयाला नव्हती. १९८६ साली तेथे 'व्यक्ती' हा शब्द आला. १९९२ पर्यंत परदेशात जन्मलेल्या मुलाला नागरिकत्व केवळ वडिलांकडून मिळे, आईकडून नाही. तेही बदलले. उलट, नागरिकत्वासाठी येथे राहण्याची अट २००३ च्या दुरुस्तीने पाचाची सात वर्षे झाली.

आज आम्हाला सर्वात जास्त खुपते ते कलम ७-ड. विवाहामुळे मिळालेले ओसीआय कार्ड घटस्फोट झाल्यास रद्द होऊ शकते. एखादी सून पंधरा वर्षे येथे राहिली, तिची मुले येथल्या शाळेत, आणि नवऱ्याने सोडले, तर मुलांना ठेवून तिने कुठे जायचे? ओसीआयवाल्यांना मत नाही, म्हणून कोणताही पक्ष तिच्या दारात येत नाही. मतदार आपण आहोत, तेव्हा विचारायचे ते आपणच विचारले पाहिजे.

आपल्या खासदारांना द्यायच्या निवेदनात तीन मागण्या आहेत. ओसीआयची दोन वर्षे पुराव्यासह प्रत्यक्ष विवाहाच्या दिवसापासून धरावीत. घटस्फोटानंतर मुलांचा सांभाळ करणाऱ्या आईचे किंवा वडिलांचे कार्ड रद्द करू नये. आणि नोंदणीसाठी थांबलेल्या जोडप्याला तेवढ्या मुदतीचा व्हिसा येथेच वाढवून मिळावा. मध्य प्रदेशात २००८ च्या नियमांनी विवाह नोंदणी सक्तीची आहेच. तेव्हा आपल्या सभागृहात जे लग्न लागेल, त्याचा नोंदणी अर्ज वधूवरांना त्याच दिवशी हातात द्यावा, ही विनंती मात्र खासदारांना नसून आपल्या मंडळालाच आहे.

निवेदन मागच्या टेबलावर ठेवले आहे. सही करताना पूर्ण नाव आणि मतदार ओळखपत्राचा क्रमांक लिहावा. पेन आम्ही बँकेतून आणलेले आहे, दोरीसकट.